चौतीस मिलिमीटर

बाबा गेले तेव्हा त्यांचं तोंड चौतीस मिलिमीटर उघडत होतं. वहीतली शेवटची नोंद माझ्या हातची आहे, जुलैच्या शेवटच्या रविवारची. त्यानंतर अठरा दिवसांनी, गुरं सोडायला म्हणून उठले आणि गोठ्याच्या दारातच बसले, ते तसेच. हृदय थांबलं. त्याचा जबड्याशी काही संबंध नव्हता असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं.

अपघात त्याच्या आधीच्या नोव्हेंबरातला. भात झोडून झालं होतं आणि जमिनीत ओल होती तोवर कुळीथ पेरायचे म्हणून बाबा खालच्या मळ्यात पॉवर टिलर घेऊन उतरले होते. आमच्या मळ्याच्या एका कोपऱ्यात मातीखाली हातभर खोल कातळ आहे. तो त्यांना चाळीस वर्षं माहीत होता. बैलांनाही माहीत होता, असं ते म्हणायचे. टिलरला माहीत नव्हता. फाळ कातळावर आपटला, मूठ उसळली आणि खालून हनुवटीवर बसली. जबडा हनुवटीपाशी तुटला आणि डाव्या कानाजवळ, सांध्याच्या खाली, तिथेही. रत्नागिरीला ऑपरेशन झालं. हनुवटीत पट्टी बसवली, आणि कानाजवळचं हाड आपोआप जुळावं म्हणून वरचे-खालचे दात तारांनी आणि रबरांनी एकमेकांना बांधून टाकले. चार आठवडे.

डॉक्टर ईशा माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हाड जुळेल, त्याची काळजी नाही. खरं काम रबरं काढल्यावर. स्नायू आखडलेले असतात. ते रोज ताणायचे, दुखलं तरी ताणायचे. आणि दहा दिवसांनी दाखवायला आणायचं."

मी मान हलवली. मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. घरी जाऊन मी पुस्तकं काढली, जबड्याच्या स्नायूंची नावं वाचली, चर्वणस्नायू कुठून सुरू होतो नि कुठे संपतो ते आरशासमोर दात आवळून गालावर बोटांनी चाचपून पाहिलं. मला सगळं समजलं असं मला वाटलं.

बाबा गाऱ्हाणं घालायचे. वाडीतल्या लहान मुलांनाही ठाऊक असलेली ही गोष्ट मी इथे लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शिमग्याला पावणाईची पालखी लांज्याच्या अलीकडच्या आमच्या वाडीत घरोघर फिरते. पालखी घरापुढच्या खळ्यात टेकली, बायकांनी ओटी भरली, की नारळ हातात घेऊन एक माणूस त्या घराच्या वतीने देवीशी बोलतो. प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तो मान आमच्या घराण्याकडे आहे. पण गाऱ्हाणं काही पाठ केलेलं नसतं. बाबा शिमग्याआधी आठ दिवस प्रत्येक घरी जाऊन बसायचे, चहा प्यायचे आणि विचारायचे, यंदा काय सांगायचं? कोणाची विहीर आटलेली, कोणाचा मुलगा परीक्षेत अडकलेला, कोणाच्या सुनेचं बाळंतपण. जी गोष्ट त्या घराला चारचौघांत बोलता येत नसे, ती बाबा देवीला मोठ्याने सांगायचे, आणि सगळी वाडी तिला 'व्हय' म्हणायची.

हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशी रामाकाका भेटायला आला. तो बाबांचा चुलतभाऊ, त्यांच्यानंतर मान त्याच्याकडे. दातांवरची रबरं त्याने वाकून वाकून पाहिली.

"दादा, चार आठवडे तू गप बसलास तर वाडीतली निम्मी भांडणं मिटतील."

बाबांनी दातांतून काहीतरी म्हटलं. रामाकाकाला ते समजलं आणि तो लाजला. मला समजलं नाही. मी हसले.

त्या चार आठवड्यांत मी असं पुष्कळ हसले. बाबांचा आवाज दातांच्या फटीतून यायचा, खालचा ओठ डाव्या बाजूला बधिर, त्यामुळे शब्दांच्या कडा पुसलेल्या. समोर असले की मी डोळ्यांवरून अंदाज बांधायची. फोनवर तोही आधार नसे. मी म्हणायची, "हो बाबा." ते आणखी काही बोलायचे. मी म्हणायची, "हो, हो. पेज घेतलीत का?" मग फोन आतेकडे जायचा. हौसाआते बाबांची मोठी बहीण, विधवा, आई गेल्यापासून तीच घर बघायची.

रबरं डिसेंबरच्या मध्यावर काढली. मी बाबांना एसटीत बसवून दिलं, हातात व्यायामाचा कागद दिला. दहा दिवसांनी दाखवायला न्यायचं होतं. पण कॉलेजात तपासणी समिती येणार होती आणि ग्रंथालयाचं सगळं दप्तर माझ्या टेबलावर होतं. मी डॉक्टरांना फोन करून तारीख पुढे ढकलली. मग आणखी एकदा.

पाच आठवड्यांनी, जानेवारीत, मी घरी गेले. बाबा पडवीत खुर्चीवर बसले होते. त्यांच्या हनुवटीखालून एक पांढरं फडकं दोन्ही कानांवरून वर नेऊन टाळूवर गाठ मारून बांधलेलं होतं. आईला शेवटचं तसं बांधलेलं मी पाहिलं होतं. मी पायरीवरच थांबले.

"आते, हे काय आहे?"

"काय म्हंजे? हाड जुळायला नको?" आते पाखडायचं सूप घेऊन बाहेर आली. "लहानपणी माझा हात मोडला तेव्हा वैद्याने दीड महिना फळी लावून बांधून ठेवलेला. आज दोन कळश्या उचलते. मोडलेला हाड हलवला की वाकडा बसतो."

"पण व्यायाम? कागद दिला होता मी."

"त्या कागदात तोंड उघडायचा लिहिलाय. दुखता त्याला. दुखता म्हंजे जुळला नाय अजून."

"मला विचारायचंत तरी!"

आतेने सूप खाली ठेवलं. "तुलाच विचारला ना. रबरं काढून आला त्याच रात्री. गंगाराम स्वतः बोलला फोनवर, 'हौसा म्हणते फडका बांधून ठेवूया, बांधू का?' तू व्हय म्हणालीस. दोनदा म्हणालीस. मी बाजूलाच हुती."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी फडकं सोडलं, नीट घडी केली आणि मांडीवर ठेवलं.  मला तो फोन आठवत नव्हता. तसे सगळेच फोन सारखे होते.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला डॉक्टर ईशांनी छोटी प्लास्टिकची पट्टी बाबांच्या पुढच्या दातांमध्ये धरली. अकरा मिलिमीटर. एक बोटही आत जात नव्हतं.

"बांधून कोणी ठेवायला सांगितलं?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी पट्टी खाली ठेवली. आते सोबत आली होती, तिच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आजी, हाताला चालतं तसं. हात बांधला तरी माणूस जेवतो. जबडा बांधून ठेवला की स्नायू आखडतात, सांधा धरतो, मग तो तसाच राहतो. कायमचा." मग मला, "दोन महिने बघू. नाहीतर भूल देऊन उघडावा लागेल, आणि कानाजवळचं हाड अजून कच्चं आहे, त्यात धोका आहे."

बाबांनी दातांतून एक शब्द म्हटला. या वेळी मी हो म्हटलं नाही. मी म्हणाले, "काय बाबा?" त्यांनी परत म्हटला. मला परत कळला नाही. तिसऱ्यांदा कळला. ते म्हणत होते, "शिमगा."

"शिमगा कधी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ आठवड्यांनी."

मी दोन महिन्यांची रजा काढली. डॉक्टरांनी लाकडी काड्यांचा डबा दिला होता, घसा तपासायला जीभ दाबतात तशा चपट्या. काड्यांची चळत दातांत धरायची, मोजून तीस आकडे थांबायचं, मग चळतीत मधोमध आणखी एक काडी सरकवायची. पहिल्या दिवशी सात काड्या. आठवी सरकवताना बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते रडत नव्हते. डोळे मोकळेच उघडे होते आणि पाणी वाहत होतं. पाच वेळा, रोज. पडवीच्या खांबाला आरसा टांगला होता आणि त्यावर मी मधोमध पेन्सिलीने उभी रेघ ओढली होती, कारण तोंड उघडताना हनुवटी डावीकडे, मोडलेल्या सांध्याच्या बाजूला, घसरायची. ती रेघेवर ठेवायची.

आते पहिले दोन दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन आरशाजवळ उभी राहिली आणि मी तीसवर थांबले तेव्हा म्हणाली, "अजून एक."

"आते, आजच्याला पुरे."

"काय पुरे? मेल्या, लहानपणी अख्खा रायवळ आंबा तोंडात घालायचास, बाठ्यासकट. तेव्हा बरा उघडायचास." आणि काडी तिने स्वतः सरकवली.

त्यानंतर तीच मोजायला लागली. तिचे तीस माझ्या चाळिसाइतके लांब होते. बाबा तिच्याकडे डोळे वटारायचे. फडक्याबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. ते तिने मसाल्याच्या डब्याला झाकण म्हणून बांधलं.

मी वहीत आकडे लिहायची. चौदा. पंधरा. पंधरा. सोळा. डावा गाल बसला होता, कारण चावायचं काम सगळं उजवीकडून चाललं होतं. मी त्यांच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवायची आणि ते दात आवळायचे. उजवीकडे स्नायू टणक गोळ्यासारखा वर यायचा, डावीकडे नुसतं काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. इतक्या वयाची झाल्यावर मी बाबांच्या चेहऱ्याला हात लावत होते. लहानपणीही लावला असेल, आठवत नाही. पेज गेली, मऊ भात आला, मग माशाचं कालवण, काटे मी काढून. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात न बुडवता खाल्ला. त्याला वीस मिनिटं लागली. 

बोलणं मात्र मागेच राहिलं. प, ब, म या अक्षरांना दोन्ही ओठ टेकावे लागतात, आणि खालचा ओठ कुठे आहे हे त्यांना कळायचं नाही. ते बोट लावून ओठ वर करायचे नि मग अक्षर म्हणायचे. देवीचं नावच 'पा'ने सुरू होणारं. गोठ्यात गुरांपुढे उभे राहून ते तेवढंच म्हणत राहायचे, पावणाय, पावणाय.

शिमग्याआधी नेहमीसारखे ते घरोघर जाऊन आले. मी सोबत होते. माणसं नीट उत्तरं देत नव्हती. "यंदा काय नाय सांगायचा, गंगारामदादा," असं म्हणायची. त्यांना वाटत होतं यंदा रामाकाका उभा राहील आणि दरवर्षीच्या चार ओळी म्हणेल. सांगितलं ते एकट्या गंगुबाईने. तिचा मुलगा अनिल मुंबईत कामाला, आठ महिने त्याचा फोन नव्हता. जिवंत होता, मुंबईतल्या गाववाल्यांना दिसत होता. नुसता फोन नव्हता.

घरी येताना रामाकाका वाटेत भेटला.

"दादा, आता खरा सांगतो. मी घालतो यंदा. तू बाजूला उभा ऱ्हा, मान तुझाच."

बाबा थांबले. बोट ओठाला लावून सावकाश म्हणाले, "तुला गंगुबायचा काय ठावूक?"

"तू सांग, मी बोलतो."

बाबांनी नकारार्थी मान हलवली. गंगुबाईने ते त्यांनाच सांगितलं होतं.

पालखी निघाली त्या सकाळी वहीत सव्वीस मिलिमीटर होतं.

पहिलं घर गंगुबाईचं. ढोल थांबले, पालखी टेकली. बाबांनी नारळ दोन्ही हातांत धरला. मी बायकांच्या घोळक्यात, ओटीचं ताट घेऊन, त्यांच्यापासून चार हातांवर होते. त्यांनी सुरुवात केली. पहिली वाक्यं दरवर्षीची, ती सगळ्यांना ठाऊक होती.

"व्हय म्हाराजा!" पुरुष म्हणाले. खणखणीत म्हणाले, दरवर्षीपेक्षा मोठ्याने. बाबांना हुरूप यावा म्हणून.

मग गंगुबाईचं घर आलं, अनिलचं नाव आलं. बाबांचे दोन्ही हात नारळात अडकले होते, ओठाला बोट लावता येत नव्हतं. आवाज कानांपर्यंत यायचा आणि तिथे विस्कटायचा. दोन महिने ऐकून ऐकून मला समजत होतं. बाकी कोणाला समजत नव्हतं हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. वाक्य संपल्यासारखं वाटलं की ते म्हणत, "व्हय म्हाराजा!" एकदा तर वाक्य अर्ध्यावर असतानाच म्हणाले. गंगुबाई हात जोडून उभी होती. तिलाही कळलं नव्हतं. तिच्या मुलाचा फोन देवीकडे मागून झाला होता आणि तिला पत्ता नव्हता.

बाबा थांबले. त्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग त्याच सुरात, त्याच लयीत पुढचं वाक्य म्हटलं.

"व्हय म्हाराजा!"

मी म्हटलं नाही. मी ताट घट्ट धरलं. बाबांचे डोळे माझ्यावर आले.

"दर्शना," ते म्हणाले. माझं नाव त्यांना स्वच्छ जमायचं. "काय बोललो मी?"

पालखीपुढे बायका 'व्हय'पलीकडे काही बोलत नाहीत. सगळी वाडी माझ्याकडे बघत होती.

"बाबा..."

"सांग."

"गंगुबाईंचे सगळे काजू माकडांनी खाऊन टाकू देत, असं म्हणालात."

 मग गंगुबाई उसळली. "अरे मेल्यांनो! आणि तुम्ही सगळ्यांनी व्हय म्हटलात? रामा, तुझा आवाज सगळ्यात मोठा हुता!"

ढोलवाले हसले, मग पुरुष, मग बायका. रामाकाकाने कपाळाला हात लावला. बाबा हसले नाहीत. हसताना त्यांचा सांधा दुखायचा, पण ते कारण नव्हतं. त्यांनी नारळ रामाकाकाच्या हातात दिला. मला वाटलं, संपलं. मान दिला.

त्यांनी मोकळं झालेलं बोट ओठाला लावलं.

"ऐकू आला तर व्हय म्हणा," ते म्हणाले. "नायतर गप ऱ्हावा. मी परत सांगेन."

आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. रामाकाका नारळ धरून त्यांच्या शेजारी उभा राहिला.

असं गाऱ्हाणं आमच्या वाडीत आधी कधी झालं नव्हतं. एक वाक्य. मग शांतता. कोणी भीत भीत म्हणायचं, "व्हय म्हाराजा," मग दुसरा, मग सगळे. नाही कळलं तर कोणीच काही म्हणायचं नाही, आणि बाबा परत म्हणायचे, तोंड जेवढं उघडतं तेवढं उघडून, हनुवटी डावीकडे घसरायची ती सावरून. अनिलचं वाक्य तीनदा गेलं. माणसं पुढे सरकली होती, कानामागे हात धरून, म्हातारे ओठांकडे बघत. चौथ्यांदा बाबांनी 'फोन' शब्द ओठ दाबून दाबून म्हटला, आणि मागून गंगुबाईचा एकटीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." मग बाकीच्यांचा. तिने पदर तोंडाला लावला.

एरवी दुपारच्या जेवणापर्यंत पालखी आमच्या खळ्यात येते. त्या दिवशी ऊन उतरल्यावर आली. मधल्या सात घरांत असंच झालं होतं. 'यंदा काय नाय' म्हणणाऱ्या दोन घरांतली माणसं बाबांच्या कानाशी लागून ऐनवेळी सांगून गेली होती. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता, डावा गाल थरथरत होता, स्नायू थकला की थरथरतो तसा. आते म्हणाली, "आपला राहू दे रे. देवीला ठावूक हाय आपला."

बाबा उभे राहिले. आमच्या घरासाठी त्यांनी चार वाक्यं सांगितली. कुळथाचं, गुरांचं, हौसाच्या गुडघ्यांचं. तिन्हींना लगेच 'व्हय' आलं. दिवसभरात वाडीचे कान तयार झाले होते.

चौथं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघत म्हटलं. कोणाला कळलं नाही. मलाही नाही. ते परत म्हणाले. एवढं कळलं की सुरुवातीला माझं नाव आहे. त्यापुढचं हवेत विरघळून गेलं. तिसऱ्यांदा त्यांच्या जबड्याने साथ सोडलीच होती, ओठांवरचं बोटही घसरलं. सगळे माझ्याकडे बघत होते. घरची मी, दोन महिने काड्या धरलेली मी. मी 'व्हय' म्हटलं असतं तर सगळ्यांनी म्हटलं असतं, आणि बाबांना बसता आलं असतं.

"नाही कळलं, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान डोलावली, एखाद्याने नीट केलेल्या कामाला डोलवावी तशी.

"बरा," ते म्हणाले, आणि रामाकाकाला नारळ फोडायची खूण केली.

नंतर मी त्यांना दोनदा विचारलं, काय मागितलं होतं म्हणून. एकदा त्यांनी हात उडवला. दुसऱ्यांदा, जूनमध्ये, तोपर्यंत ते बरंच स्पष्ट बोलायला लागले होते, म्हणाले, "तुला कशाला? तुझ्याकडे मागितला नव्हता." आणि आंबा चोखायला घेतला.

मी तिसऱ्यांदा विचारणार होते.